सव्वादोन वर्षांची मुलगी, अंगावर पिते, प्लेग्रुपला जात नाही: आम्ही काही चुकीचं करतोय का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी सव्वादोन वर्षांची, अजून अंगावर पिते, रात्री तुमच्या दोघांच्या मध्ये झोपते, जेवताना तुम्ही भरवत नाही, ताटात वाढून देता आणि ती सांडत-लवंडत स्वतःच्या हाताने खाते, प्लेग्रुपला घातलेलं नाही आणि चार वर्षांची होईपर्यंत घालायचा विचारही नाही. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलीय, नणंद म्हणते हे सगळं मोबाइलवरचं फॅड आहे, दीर अमेरिकेत आहेत ते म्हणतात वेगळ्या खोलीत झोपवा नाहीतर कधीच सुटणार नाही, आणि सोसायटीतल्या बायका रोज विचारतात "अजून कुठेच ॲडमिशन नाही?" आणि मग तुम्ही विचारलंय की आम्ही नॉर्मल नाही का, तिचं नुकसान तर करत नाही ना. अगदी शेवटी एक ओळ आहे, वजन दहा किलो.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. वीसेक वर्षं ओपीडी चालवतेय, सातारा-कराड भागातली सगळ्या प्रकारची घरं बघितली, आणि माझा अनुभव असा की लोक मुलाच्या संगोपनाच्या पद्धतीवर तासभर भांडतात पण वाढीचा तक्ता कुठे ठेवलाय ते कुणाला माहीत नसतं. तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये डॉक्टर म्हणून मला थांबवणारी गोष्ट तेवढीच होती.

दोन वर्षांच्या मुलीसाठी तक्त्यातली मधली रेषा साडेअकरा किलोच्या आसपास असते, सव्वादोनला ती बाराच्या जवळ जाते, आणि नॉर्मल पट्ट्याची खालची रेषा साधारण साडेनऊला. म्हणजे तुमची मुलगी रेषांच्या आत आहे पण खालच्या बाजूला आहे. आता हा एकटा आकडा मला काही सांगत नाही. ती सहा महिन्यांची असल्यापासून याच पातळीवर, आपल्या रेषेला धरून वर चढत आली असेल तर ती तिची चण आहे, तुम्ही दोघं बारीक असाल तर आणखीच शक्यता. पण वर्षाची असताना मधल्या रेषेवर होती आणि आता घसरत घसरत खाली आली असेल तर मग ते अंगावर पिणं, हाताने खाणं या सगळ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघेन. लसीकरणाचं जे माता-बाल संरक्षण कार्ड असतं ना, त्यात तो तक्ता छापलेला आहे, प्रत्येक लसीला केलेलं वजन त्यावर टिंबं देऊन मांडा आणि जोडा, दहा मिनिटांचं काम आहे.

याच तक्त्याची एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. २००६ च्या आधी जगभर जो तक्ता वापरला जायचा तो १९७७ चा अमेरिकन तक्ता होता, आणि त्यातली लहान बाळांची मापं ओहायो राज्यातल्या एका भागातल्या मुलांची होती, ज्यातली बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली. बाटलीवरचं बाळ आणि अंगावरचं बाळ वेगवेगळ्या गतीने वाढतं, अंगावरचं पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं आणि मग थोडं सावकाश. मग व्हायचं काय, की चौथ्या-पाचव्या महिन्यात अगदी ठणठणीत बाळ त्या तक्त्यावर घसरलेलं दिसायचं, आणि आईला सांगितलं जायचं तुझं दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू कर. कित्येक आयांचं दूध अशा सल्ल्याने बंद झालं असेल, आणि दोष त्या आयांमध्येही नव्हता आणि बाळांमध्येही नव्हता, मोजपट्टी दुसऱ्या मुलांची होती. मग जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत जवळपास साडेआठ हजार मुलं मोजली. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मुद्दाम अशी मुलं निवडली जी अंगावर पितात, ज्यांच्या आया सिगारेट ओढत नाहीत, ज्यांना खायला-प्यायला आणि औषधपाणी व्यवस्थित मिळतं. आणि सहाही ठिकाणची मुलं उंचीत जवळजवळ सारखी वाढली. आज आपण वापरतो तो तक्ता यातून आलाय.

तर मला म्हणायचंय ते हे. कुणी "नॉर्मल" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुणाच्या मुलांवरून ठरवलं? सासूबाईंचं नॉर्मल त्यांच्या चार मुलांवरून आहे, दिरांचं नॉर्मल तिथल्या शेजाऱ्यांवरून, सोसायटीतलं नॉर्मल गेल्या पंधरा-वीस वर्षांत निघालेल्या प्लेग्रुपवरून. यातलं कुणीही खोटं बोलत नाहीये, पण तुमच्या मुलीला लावायला यातली एकही पट्टी बनवलेली नाही.

आणि जिथे पट्टी नीट बनवलीय तिथेसुद्धा एक आकडा नसतो, पट्टा असतो. त्याच अभ्यासात चालणं मोजलं होतं, आधाराशिवाय चालायला लागायचं वय ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं, सगळी निरोगी मुलं. आणि शंभरातली चार-एक मुलं हातागुडघ्यावर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. माझ्याकडे दर आठवड्याला एखादी आजी येते की "जावेचा नातू दहाव्या महिन्यात चालला, आमचा अजून धरून धरून चालतो" आणि आई शेजारी चेहरा पाडून बसलेली असते. मूल तेरा महिन्यांचं असतं आणि काही म्हणजे काही झालेलं नसतं.

आता तुमच्या एकेका गोष्टीकडे येऊ.

अंगावर पाजणं. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नासोबत २ वर्षं आणि त्यापुढेही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ मध्ये दोन वर्षं आणि पुढे, आईला आणि मुलाला हवं असेल तोवर, असंच म्हटलंय, हे दिरांना सांगायला हरकत नाही. आपल्याकडे तर पुढच्या वेळचे दिवस जाईपर्यंत पाजणं ही कालपरवापर्यंतची रीत होती. त्यामुळे सव्वादोनला पिते यात काही जगावेगळं नाही. धोका कुठे आहे ते मात्र नीट समजून घ्या. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधात लोह अगदी कमी पडतं, आणि आई शाकाहारी असेल, अंडंही खात नसेल, तर दुधातून बी-१२ सुद्धा पुरेसं जात नाही. मूल दिवसभर येताजाता चुळकाभर पीत राहिलं की भूक मरते, जेवायला बसलं की दोन घास खाऊन उठतं, आणि घरात सगळ्यांना वाटतं दूध पितंय ना, मग झालं. असं एखादं मूल वर्ष-दीड वर्षाचं होऊन माझ्याकडे येतं तेव्हा अंगाने गुटगुटीत असतं, पण गप्प गप्प, हसत नाही, केस विरळ आणि भुरकट, हाताच्या बोटांचे सांधे काळवंडलेले, आणि आई सांगते की आधी बसायचं, आता बसत नाही. कधी हातपाय थरथरायला लागलेले असतात. हे बी-१२ च्या कमतरतेचं चित्र आहे, आपल्या देशात शाकाहारी घरांतल्या फक्त अंगावर वाढलेल्या मुलांत आम्ही बालरोगतज्ज्ञ हे वर्षानुवर्षं बघतोय. इंजेक्शन दिल्यावर बरीचशी मुलं झपाट्याने सुधारतात, पण उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर परिणाम राहू शकतो.

तुमची मुलगी अशी असेल असं मी अजिबात म्हणत नाहीये, सव्वादोनची मुलगी ताटात हात घालून जेवते म्हणजे ती खातेय. पण वजन खालच्या बाजूला आहे आणि तुम्ही लिहिलंय की घर शाकाहारी आहे, म्हणून हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, दोघींचंही, तुमचंसुद्धा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना ॲनिमिया निघाला होता. आणि ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी फक्त ११ टक्के. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण आपल्याकडे ॲनिमिया असणं हेच नॉर्मल होऊन बसलंय, आणि "सगळ्यांचंच दहा असतं हो" म्हणून रिपोर्ट घडी करून पिशवीत जातो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप द्यायची सरकारी योजना आहे, आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत मागा, तुमचा हक्क आहे तो.

जेवणाआधी पाजू नका, जेवण झाल्यावर पाजा, एवढ्या एका बदलाने पुष्कळ मुलांचं खाणं सुधारतं. वरणावर चमचाभर तूप, भाजीवर लिंबू, रोज काहीतरी डाळ-उसळ, दही, आणि घरात चालत असेल तर अंडं. गाईचं-म्हशीचं दूध मिळून दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, त्याने पोट भरतं आणि लोह आणखी कमी होतं.

हाताने खाणं. उत्तम आहे, करू द्या. सांडतं म्हणून आजीला त्रास होतो तर खाली जुनी चादर टाका आणि चादर तुम्हीच झटका. चिऊचा घास काऊचा घास करून भरवण्यातही प्रेम आहे, मला त्याच्याशी भांडण नाही, फक्त तोंड फिरवलं तरी कोंबायचं नाही. पण हाताने खाणाऱ्या मुलाच्या घरात एक नियम दगडावरची रेघ समजा, अख्खा शेंगदाणा चार वर्षांपर्यंत नाही. पोह्यातला नाही, चिवड्यातला नाही, चिक्कीतला नाही. कूट द्या हवं तेवढं. मूल पोहे खाताना हसतं किंवा रडतं, दाणा श्वासनलिकेत जातो, जोरात ठसका लागतो, चेहरा लाल होतो, आणि दोन मिनिटांत शांत. सगळ्यांना वाटतं गेला खाली. मग आठ दिवस खोकला, एका बाजूच्या छातीत घरघर, दोन डॉक्टर होतात, कफाची औषधं होतात, आणि शेवटी दुर्बीण घालून तो फुगलेला दाणा काढावा लागतो. म्हणून ठसका लागल्यावर खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना ती शेंगदाण्याची गोष्ट आठवणीने सांगायची, ते कळलं तर अर्धं निदान तिथेच होतं. फुटाणे, डाळिंबाचे दाणे, सीताफळाच्या बिया यांचंही तेच, आणि द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून. खाताना बसलेलीच असली पाहिजे आणि शेजारी मोठं माणूस.

मध्ये झोपवणं. इथे वय फार महत्त्वाचं. वर्षाच्या आतल्या बाळाबाबत मी कडक आहे, विशेषतः पहिले सहा महिने बाळ त्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर, उताणं, उशी-गोधडीचा ढीग न करता. आणि घरात कुणी दारू पिऊन किंवा झोपेची गोळी घेऊन त्याच अंथरुणावर झोपत असेल तर अजिबात शेजारी नको. पाश्चात्य देशांत एकेकाळी बाळांना पालथं झोपवा असा सल्ला तज्ज्ञच द्यायचे. १९९० च्या दशकात उताणं झोपवायच्या मोहिमा झाल्या आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, म्हणजे तज्ज्ञांचं नॉर्मलसुद्धा मोजून तपासावं लागतं. पण तुमची मुलगी सव्वादोनची आहे, चालते, उठते, अंगावर हात पडला तर ढकलते. तिला मध्ये झोपवण्यात जिवाचा धोका असा काही उरलेला नाही, तिघांची झोप होते का एवढंच बघायचं. जगातल्या मोठ्या भागात मुलं आईजवळच झोपतात, वेगळी खोली ही मुळात ज्यांच्याकडे खोल्या आहेत त्यांची पद्धत.

प्लेग्रुप. दोन वर्षांच्या मुलाला शाळेत घालायची गरज कुठल्याही शैक्षणिक धोरणात नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पायाभूत टप्पा सुरू होतो तो तिसऱ्या वर्षी आणि पहिलीचं वय सहा. शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वयासाठी आहे. प्लेग्रुपची खरी गरज ज्यांना आहे त्या घरांत आई-बाबा दोघं कामाला जातात आणि सांभाळायला कुणी नसतं, आणि तिथे चांगलं पाळणाघर किंवा प्लेग्रुप ही फार मोठी सोय आहे, त्या आयांना कुणी नावं ठेवू नयेत. पण घरी आजी आहे, आई आहे, खाली खेळायला मुलं आहेत, तर दोन वर्षं काही बुडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा पोरं शाळेत येईनात म्हणून त्यांच्याच अंगणात बालवाडी भरवली. मुलाला उचलून संस्थेत बसवण्यापेक्षा मूल जिथे आहे तिथे शिकणं न्यायचं, हे त्या काळी लोकांना विचित्रच वाटलं असणार, पुढे अख्ख्या देशात अंगणवाड्या झाल्या.

पण घरी ठेवणार असाल तर बोलण्याकडे बारीक लक्ष ठेवा. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलायला लागलं पाहिजे, "आई ये", "बाबा गेले", "अजून दे" असं, आणि साधारण पन्नासेक शब्द तिचे स्वतःचे असायला हवेत. हाक मारल्यावर बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, तुम्ही बोट दाखवलं तिकडे बघते का, खोटं खोटं जेवण करून बाहुलीला भरवते का. यातलं काही नसेल तर तेव्हा ऐकायचं नाही कुणाचं. "शाळेत घातलं की बोलेल", "हिचे बाबापण चौथ्या वर्षी बोलले", ही वाक्यं आपल्याकडे अगदी सर्रास बोलली जातात आणि माझ्या मते त्यांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं अंगावर पाजणाऱ्या कुठल्याच आईने केलं नसेल, कारण दोन-तीन वर्षांचा जो काळ थेरपीला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो तोच वाट बघण्यात जातो. ऐकण्याची तपासणी आणि विकासाची तपासणी करून घ्यायची, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे आणि ते मोफत आहे.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट सतत जाणवत आलीय. ज्या गोष्टी चारचौघांपेक्षा वेगळ्या त्यांच्याबद्दल आया रात्र रात्र जागून विचार करतात, आणि ज्या सगळेच करतात त्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. महिन्याच्या बाळाला सहाणेवर जायफळ, वेखंड उगाळून गुटी, आणि वळसे किती द्यायचे ते ज्याच्या त्याच्या अंदाजाने, बाळ शांत झोपतं म्हणून सगळे खूश. जायफळाचं प्रमाण जास्त झालं की बाळ गुंगीत जातं, ती झोप नसते. पहिल्या बोटाला मध चाटवतात, वर्षाच्या आत मध नको कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. कानात-नाकात तेल, डोळ्यात काजळ, बंद खोलीत शेगडीची धुरी. वॉकर तर बारशाला हमखास आलेला असतो, कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली कारण मुलं त्यात बसून जिन्यावरून कोसळायची. आणि आताचं म्हणजे समोर मोबाइल लावून भरवणं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चारमध्ये जास्तीत जास्त तासभर, त्याहून कमी असेल तर चांगलंच. हे सगळं घरोघरी चालतं म्हणून त्याला कुणी फॅड म्हणत नाही.

आणि एक इशारा तुमच्या बाजूलाही. असं "नॅचरल" वाढवणाऱ्या पालकांचे जे ग्रुप असतात त्यात चांगली माणसं असतात, आधार मिळतो, पण हळूहळू कुणीतरी लसीकरणाविरुद्धही लिहायला लागतं. तिथे थांबायचं. झोपवणं, पाजणं, शाळा कधी, हे तुमच्या घरचे निर्णय आहेत आणि उद्या बदलता येतात. गोवर झाल्यावर लस देऊन उपयोग नसतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला, लहान मुलं दगावली, आणि त्यांच्यात लस न घेतलेली मुलं होती. यात तडजोड नाही.

आता सासूबाई. त्यांना गप्प करायला जाऊ नका, त्या काळजीनेच बोलतात. तक्ता मांडून झाला की त्यांच्यासमोर ठेवा, बघा आई, हे तिचं वजन, दर महिन्याला आपण दोघी मिळून लिहू. आकडा समोर असला की वाद कमी होतात हे मी खूप घरांत बघितलंय. दुपारचं तिचं जेवण त्यांच्याकडे सोपवा, त्या त्यांच्या पद्धतीने भरवतील, बिघडत नाही, दिवसातून एक जेवण आजीच्या हातचं आणि बाकी स्वतःच्या हाताने, मुलांना हे सहज जमतं.

तुमच्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं जे तुम्ही ओझरतं लिहिलंय, की रात्री तीन-चारदा उठते प्यायला आणि मला सकाळी उठवत नाही. ताई, हेही मोजायचं असतं. पद्धत कितीही चांगली असो, ती चालवायला जिचं शरीर वापरलं जातंय ती थकून गेली असेल तर ती पद्धत बदलायची, आणि त्यात हार मानण्यासारखं काही नाही, "आईला आणि मुलाला हवं असेल तोवर" यात आईसुद्धा आहे. रात्रीचं बंद करायचं तर एकदम तोडू नका, आणि काळाबोळ किंवा कडुनिंब लावून तर मुळीच नाही, मूल घाबरतं आणि तुम्हालाच रडू येतं. झोपायच्या आधी एकदा पाजा, मग दात घासा, मग गोष्ट. सव्वादोनच्या मुलीला समजतं, दिवसा दोन-चारदा सांगा की आता रात्री दूध झोपणार, सकाळी उजाडलं की मिळेल. रात्री उठली की बाबांनी घ्यायचं, पाणी द्यायचं, थोपटायचं. आठवडाभर बाबा तिच्या शेजारी आणि तुम्ही पलीकडे. तीन-चार रात्री रडेल, पण बाबांच्या कुशीत रडतेय, एकटी नाही, आणि मग बहुतेक मुलं सावरतात. दिवसाचं पाजणं चालू ठेवायचं असेल तर ठेवा.

या आठवड्यात एवढं करा, कार्डावर वजनाची टिंबं मांडा, दोघींचं रक्त तपासा, बोलण्याचं मी वर लिहिलंय ते शांतपणे दोन-तीन दिवस बघून लिहून ठेवा. रेषा घसरलेली दिसली, किंवा मुलीचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं, किंवा दोन शब्द जोडत नसेल, तर तुमच्या जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे लगेच दाखवा, पुढच्या लसीची वाट बघू नका, ती आता पाचव्या वर्षीच आहे.